तिसऱ्या दिवसाचा इस्तू

सांगोल्याकडच्या माळावर मायाक्काला कुणी येडूची बायको म्हणत नसे. येडू मेंढरांमागं चालून चालून मेंढरासारखाच मुका झालेला माणूस. त्याचं नाव घेतलं की लोक विचारत, "कंचा येडू?" मग सांगावं लागे, "आरं, इस्तवाच्या मायाक्काचा." तेव्हा कुठं ओळख पटे.

इस्तवाची मायाक्का. धुई पडो, पाऊस पडो, सरपण भिजून त्याचा चिखल होवो, या बाईनं आग पाडायची म्हटली की ती पडायचीच. कमरेला एक कातडी चंची. तिच्यात बोटभर लांबीची लोखंडाची चकमक, एक पांढरी गार आणि बोकडाच्या शिंगाचं नळकांडं, त्याला लाकडाचं बूच. नळकांड्यात रुईचा कापूस. तोही नुसता नव्हे. उन्हाळ्यात रुईची बोंडं फुटून म्हाताऱ्या उडायला लागल्या की ती त्या पदरात धरायची, गोवरीच्या काळ्या राखेत मळायची, आठ दिवस उन्हात घालायची. अशा कापसावर ठिणगी पडली की विझत नाही, आतल्या आत चरत जाते. बाकीचा पसारा माळावरच असे, आणि कुठं काय वाळलेलं सापडेल हे तिला तोंडपाठ. वठलेल्या बाभळीची आतली साल. विहिरीवर लोंबणारा सुगरणीचा जुना खोपा. वरून भिजलेल्या शेणीचा मधला गर. "वल्ल्याच्या पोटात वाळलेलं आसतंया," ती म्हणे, "फोडून बगाय पायजे."

बाजारात काडीपेट्या ढिगानं यायला लागल्या तेव्हा पोरं तिला चिडवायची. "आक्का, गारा बडवून हात मोडतील की! ही बग पेटी. फर्र केलं की झालं."

"तुजी पेटी लई शानी हाय रं," मायाक्का म्हणे, "पर धुईत तिला घाम फुटतुया. नव्या नवरीवानी नुसती लाजत बसती, पेटत न्हाय."

पोरं हसायची. मायाक्का हसायची नाही. कुणी विस्तव मागायला आलं तर ती हातातली भाकरी ठेवून उठे. 'थांब जरा' हे तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. असं का, ते फक्त जुन्या माणसांना ठाऊक होतं.

तिचा बाप मायाप्पा. त्याला पोरगा नव्हता. चकमक ही गड्यानं बाळगायची वस्तू, बायकांनी चुलीवर फुंकर घालावी एवढंच. पण मेंढरांमागं हिंडताना मायाप्पानं पोरीलाच जवळ बसवून शिकवलं. "आदी हात वाळीव," तो सांगायचा. "मग कापूस बग, मग ठिणगी पाड. वल्ल्या हातानं देवबी पेटत न्हाय." मानमोडीच्या साथीत मायाप्पा गेला. मागं राहिली ती चंची. भाऊबंदांनी मेंढरं वाटून घेतली. चंची पोरीला दिली, कारण ती कुणालाच नको होती.

येडूच्या वाड्यावर आल्यावर मायाक्काला दोन लेकरं झाली, आणि दोन्ही पाचवी उजाडायच्या आत गेली. वाडा म्हणजे भिंतीचा नव्हे. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरांचं कोंडाळं, दोन घोंगड्यांचं पाल आणि एक तट्टू. अशा पालात उघड्या माळावर बाळंतपणं व्हायची. सासू चिमाबाई सगळं करायची. पहिल्या लेकराच्या वेळी तिसऱ्या दिवशी एक गावकरीण विस्तव मागायला आली होती. चिमाबाईनं बाळंतिणीच्या आगटीतले चार निखारे तिच्या खापरीत घातले. चौथ्या दिवशी लेकरू निळं पडलं. दुसऱ्या लेकराच्या वेळी विस्तव दिला नव्हता, तेही गेलं. पण चिमाबाईच्या डोक्यात पहिलंच बसलं. "म्या माज्या हातानं दिला गं," ती ऊर बडवून म्हणायची. "बाळंतिणीचा इस्तू म्या भाईर घालिवला."

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. मार्गशीर्ष सुरू होता. घेरडीच्या माळावर ओढ्याच्या अलीकडं येडूचा वाडा होता, पलीकडं दोन हाकांवर दगडाबाईचा. पालात मायाक्काच्या खाटल्याजवळ आगटी अखंड जळत होती. पोरीच्या उशाला लोखंड ठेवायचं, सटवाई पाचवीपर्यंत फिरत असते. विळा येडूनं पाला तोडायला नेलेला. चिमाबाईनं मायाक्काच्या कमरेची चकमक काढली आणि पोरीच्या डोक्याखाली सारली. "लोखंड ते लोखंड. पाचवीपतोर हाय हितनं हलवायचं न्हाय." पालाच्या खांबाला तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली मेंढरं कातरायची कातर टांगली होती. पण कातरणीचा दिवस सोडून कातर उलगडायची नाही अशी रीत, त्यामुळं तिच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळीच आभाळ उतरलं. अवेळचा पाऊस, बरोबर असा वारा की घोंगडं अंगावर भिजून दगडासारखं जड व्हावं. येडू मेंढरं घेऊन लांबच्या खिंडीत गेला होता, दगडाबाईचा मालकही त्याच्याबरोबर. दुपार कलायच्या सुमाराला पालाबाहेर चिखलात पावलं वाजली.

"चिमामामी, आगं इस्तू दे गं थोडा."

दगडाबाई उभी होती. पदराखाली फुटकी खापरी. केसांतून पाणी गळत होतं.

"चूल इजली. काडीपेटी भिजून लगदा झालाय. चकमक मालकाजवळ ऱ्हायली. गिरजीला सकाळधरनं हुडहुडी भरलीया, आंग वल्लं, आंथरून वल्लं. दातावर दात वाजत्यात पोरीचं. दोन निखारं दे."

गिरजा तिची चार वर्षांची लेक. एकुलती.

चिमाबाई पालाच्या तोंडाशी आडवी बसली. "बाळंतिणीचा इस्तू हाय त्यो. तिसरा दिस हाय. न्हाय भाईर जायचा."

"मामी, दोन निखारं!"

"दोन न्हाय आन् आर्दा न्हाय. दोन लेकरं पुरल्यात म्या ह्या हातानं."

"बरं, मग पोरीला हितं आनू? आगटीजवळ बसवते. मी भाईर भिजते."

"तापकरी पोर बाळंतिणीच्या पालात? डोस्कं फिरलं का तुजं?" चिमाबाईचा आवाज फाटला. मग तो एकदम खाली आला. "दगडे, माज्यावर राग धरू नगं. गावात जा. तितं कोनबी दील."

गाव कोसावर. मधे ओढा चढत चाललेला. चिमाबाईच्या खांद्यावरून दगडाबाईनं आत पाहिलं, खाटल्यावरच्या मायाक्काकडं. मायाक्काही पाहत होती. मग ती वळली.

मायाक्का उताणी पडून राहिली, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. आगटीतला विस्तव द्यायचा नाही हे खरं. पण नवा विस्तव पाडायला कुणाची मनाई होती? गार चंचीत होती. कापूस शिंगात कोरडाठाक होता. फक्त लोखंड पोरीच्या डोक्याखाली होतं. तिनं हात लांब केला, पोरीच्या टाळूवरचं धडधडणारं कातडं बोटाला लागलं, आणि हात मागं आला. दोन गेलेली होती. ही तिसरी.

घोंगड्याला एक भोक होतं, त्यातून ओढ्यापलीकडचं पाल दिसे. मायाक्का त्या भोकाला डोळा लावून बसली. दगडाबाई गावात जाईल. गावातून विस्तव आणील. धूर दिसला की आपल्या जिवाचा घोर मिटला. धूर दिसेना. तिनं पोरीला पाजलं, पुन्हा पाहिलं. धूर नाही. ओढ्याचा आवाज मोठा झाला होता. गावची वाट खाली ओढ्याच्या खोल पात्रातूनच होती. चिमाबाई पेंगली. मायाक्कानं पुन्हा पाहिलं. दगडाबाईचं पाल वाऱ्यानं एका अंगाला कललं होतं आणि त्यातून काही म्हणजे काही वर येत नव्हतं.

मग तिनं पोरीचं डोकं एका हातानं उचललं आणि दुसऱ्या हातानं चकमक काढली.

तीन दिवसांची बाळंतीण अनवाणी पावसात निघाली. सुगरणीचा एक खोपा सरपणाखाली राखून ठेवलेला होता, तो भिजू नये म्हणून तिनं चोळीत घातला. ओढा मांडीला लागत होता. पलीकडं चढताना पोटात कळ आली, पायावरनं ऊन रक्त ओघळलं. पायाला तेवढीच ऊब लागली.

पालात दगडाबाई पोरीला मांडीवर घेऊन, वर स्वतःला पांघरून बसलेली. मायाक्काला पाहून ती फक्त थोडी सरकली.

आदी हात वाळीव. मायाक्काच्या अंगावर कोरडी चिंधी नव्हती. तिनं हात काखेत घातले, केसांच्या मुळाशी घासले. मग चोळीतला खोपा काढला, आणि तो ओला निघाला. पावसानं नव्हे. तिसऱ्या दिवसाचं दूध उतरलं होतं. तिच्याच दुधानं खोपा चिंब झाला होता.

तिनं इकडं तिकडं पाहिलं. कोपऱ्यात तट्टाचं खोगीर पडलं होतं. दातांनी त्याची शिवण उसवली आणि आतलं दाबून भरलेलं गव्हाचं काड ओढून काढलं. ते कोरडं होतं. काडाचं घरटं केलं. शिंगाचं बूच काढलं, गारेवर कापूस धरला आणि चकमक झाडली. ठिणगी पडली, बाजूला गेली. पुन्हा झाडली. बोटं बधिर झालेली, चकमक गारेऐवजी अंगठ्यावर बसली. पुन्हा. पुन्हा. अंगठ्याचं रक्त गारेवर आलं तेव्हा तिनं ते जिभेनं चाटून गार पुसली, कारण पुसायला दुसरं कोरडं काहीच नव्हतं. पुन्हा झाडली.

कापसाच्या कडेला जोंधळ्याएवढा तांबडा ठिपका दिसला. तो चरत गेला. तिनं तो काडात ठेवला, ओंजळीत धरला, आणि श्वास रोखून हळू हळू सोडला. आधी धूर, मग जाळ. वर पालातल्या भिजल्या शेणीचा गर मोडून घातला, लेंड्या घातल्या. जाळ टोपलीएवढा झाला.

"आन तिला जवळ," मायाक्का म्हणाली.

"निजलीया जरा," दगडाबाई म्हणाली. "मगाधरनं दात वाजायचं थांबल्यात. बरं वाटतंय तिला."

तिनं गिरजाचे पाय जाळाकडं केले आणि चोळायला लागली. मायाक्कानं एका पायाला हात लावला. हात लावला आणि तसाच ठेवला. मग ती लेंड्या घालत राहिली, एकामागून एक, जाळ वाढवत राहिली, जणू तिला सांगितलेलं काम तेवढंच होतं. दगडाबाई चोळत होती. एक पाय झाला, दुसरा पाय. मग हात. मग पुन्हा पहिला पाय. किती तरी वेळानं ती थांबली.

"चकमक तुज्याजवळ व्हती?"

"व्हय."

"मी आल्ते तिकडं, तवाबी व्हती?"

मायाक्काला खोटं बोलता आलं असतं. "व्हती," ती म्हणाली.

मायाक्का परत आली तेव्हा चिमाबाई रडत नव्हती, ओरडतही नव्हती. पोरगी झोपली होती. तिच्या उशाला तेलाच्या फडक्यातून काढलेली कातर होती. "लोखंड न्हाय दिसलं," चिमाबाई म्हणाली, "म्हनून ही सोडली. दुसरं काय हाताला यीना."

मायाक्का कातरीकडं बघत राहिली. ती तिन्ही दिवस तिथंच टांगलेली होती, खाटल्यापासून दोन हातांवर.

पोरगी जगली. तिचं नाव सोनाबाई ठेवलं.

पुढच्या वर्षांत मायाक्कानं काय काय केलं ते सगळा माळ सांगेल. ज्या वाड्यावर जाईल तिथल्या बायकांना ती चकमक झाडायला शिकवायची. गडी कुरकुरत, "बायामान्सांनी झाडायची व्हय चकमक?" त्यांना ती विचारायची, "तू खिंडीत आसशील तवर चूल कोन पेटवंल? तुजी मिशी?" रुईच्या कापसाची एक एक नळी तिनं किती पालांत ठेवली याला मोजदाद नाही. पण एका पालात तिची नळी राहिली नाही. दर हिवाळ्यात हे दोन वाडे कुठं तरी शेजारी पडायचे, आणि पहिल्या थंडीला मायाक्का विस्तव घेऊन दगडाबाईच्या पालासमोर ठेवून यायची. दगडाबाई शिवी देत नसे, भांडत नसे. बाहेर येऊन पायानं त्या विस्तवावर माती लोटायची आणि आत जायची. गिरजा गेली त्यानंतर तिला पुन्हा मूल झालं नाही.

सोळा वर्षं गेली. सोनाबाई पहिल्या बाळंतपणाला आईकडं आली. पुन्हा मार्गशीर्ष, पुन्हा तोच माळ, फक्त पाऊस नव्हता. कोरडी, हाडात शिरणारी थंडी होती. पोरगा झाला. त्याच्या उशाला तीच चकमक ठेवली, कारण सोनाबाईनं हट्ट धरला, "मला लाबली, ह्यालाबी लाबंल." चिमाबाईचे डोळे गेले होते. ती आगटीजवळ बसून हातानं ऊब चाचपत असे.

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर दगडाबाई ओढा ओलांडून आली. केस पिकलेले. हातात खापरी.

"इस्तू दे."

मायाक्कानं तिच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. दगडाबाईच्या पालातून चांगला जाड धूर वर चढत होता. तिची चूल विझलेली नव्हती.

"कोन हाय?" चिमाबाईनं विचारलं.

"मी दगडाबाई, मामी. इस्तू मागाय आलेय."

म्हातारीचे हात आगटीवर पसरले. "पाचवी झाली न्हाय! मायाक्के, ऐकतीस का? पाचवी झाली न्हाय!"

सोनाबाईनं पोर छातीशी धरलं. "आये," ती एवढंच म्हणाली.

मायाक्का उभी होती. तिलाही चिमाबाईइतकीच सटवाईची भीती होती. त्यात सोळा वर्षांत काडीचा फरक पडला नव्हता. दगडाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती.

"कितवा दिस?" दगडाबाईनं विचारलं.

"तिसरा."

"मग?"

मायाक्का खाली बसली. चिमाबाईचे हात तिनं बाजूला केले, आगटीतले मोठे मोठे निखारे निवडले आणि खापरी भरली. वर राख घातली, वाटेत विझू नयेत म्हणून. "घे."

चिमाबाई डोकं जमिनीवर आपटायला लागली. दगडाबाई खापरी घेऊन ओढ्यापर्यंत गेली. पाण्यात मधोमध उभी राहून तिनं ती पालथी केली. चर्र आवाज झाला, वाफ वर आली. मग मागं न बघता तिनं मोठ्यानं सांगितलं, "मी पाचवीपतोर हितंच हाय. इस्तू दिल्यावर काय हुतंय ते मला बगायचं हाय."

ते दोन दिवस मायाक्का झोपली नाही. नातवाच्या छातीवर हात ठेवून बसली. पोर खोकलं की तिचा जीव जाई, गप्प झालं की जास्त जाई. चिमाबाई तिच्याशी बोलायची बंद झाली. सोनाबाई पोर आईच्या हाती देताना दर वेळी एकदा तिच्याकडं बघे, मग देई.

पाचवी उजाडली. पोर भुकेनं असं भोकाड पसरून रडलं की तट्टानं कान टवकारले. सोनाबाई हसत हसत रडायला लागली. चिमाबाईनं पोराचं अंग टाळूपासून तळव्यापर्यंत चाचपलं आणि म्हणाली, "ऊन हाय गं. लई ऊन हाय. कायबी झालं न्हाय ह्याला."

मायाक्का बाहेर आली. ओढ्याच्या पलीकडं दगडाबाई उभी होती. तट्टावर सामान लादलेलं, पाल मोडलेलं.

"हाय का?" तिनं ओरडून विचारलं.

"हाय," मायाक्का म्हणाली.

"प्यालं?"

"प्यालं."

दगडाबाईनं मान हलवली. मग ती तट्टाचा दोर धरून चालू लागली. मेंढरं तिच्या मागं निघाली.

आत चिमाबाई पाचवीच्या पूजेला पाटा-वरवंट्याची तयारी करायला सांगत होती. किती तरी वर्षांनी तिच्या आवाजात हसू होतं. "मायाक्के, आत ये की! आज तुला काय झालंय? नातू जगला तुजा."

"व्हय आत्ती," मायाक्का म्हणाली. "जगला."

ती ओढ्याकडं तोंड करून खाली बसली. "मंजी त्या येळीबी काय झालं नसतं," ती म्हणाली, पण ते ऐकायला जवळ कुणी नव्हतं.